न चाळलेला गाळ

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्या क्लबातल्या निम्म्या बायकाही आता उरल्या नाहीत, आणि जवाहरनगरच्या ज्या रांगेत आपलं क्वार्टर होतं तिथं आपल्याला ओळखणारं कुणी राहिलं नाही. तरी एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. ज्या वर्षी सगळ्यांच्या वाफ्यांत लव्हाळा उगवला आणि तू भर बैठकीत कारधावाली मावशीच्या शेणखतावर ठपका ठेवलास, त्या वर्षीचा गाळ मी चाळला नव्हता. तू विचारलंस तेव्हा मी ‘हो’ म्हणाले होते. गोष्ट एवढीच आहे, दोन ओळींत मावणारी, पण त्या दोन ओळी लिहायला माझी साठी उलटावी लागली. आणि तू तर कोणतीही गोष्ट शेंड्याकडून ऐकून घेणारी नव्हतीस. "बुडापासून सांग," म्हणायचीस. म्हणून बुडापासून सांगते.

आपण जवाहरनगरला राहायला आलो तेव्हा मी बारा वर्षांची होते. बाबा फॅक्टरीत फिटर. क्वार्टर नवं, नळाला पाणी, घरात वीज. बाबांना वाटलं होतं तू हरखून जाशील. तू आधी मागच्या दारानं बाहेर गेलीस, वाकून माती उचललीस, चोळलीस आणि टाकून दिलीस. सगळा मुरूम होता. सिहोऱ्याला धानाच्या बांध्यांत पोटरीएवढ्या चिखलात वाढलेली तू. "हे का जमीन हाये?" म्हणालीस. "हिच्यावर तं गवतबी रुसून बसंल." बाबा म्हणाले, "आता तुले नांगरायचं नाही, आरामात राहा." दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर लोखंडी सब्बल घेऊन तू खड्डे काढायला बसलीस. सब्बल मुरमावर आपटल्याचा तो आवाज आपल्या रांगेनं आठवडाभर ऐकला, आणि गावाकडची बाई आहे, करमत नसेल, असं म्हणून सोडून दिला. त्या हिवाळ्यात आपल्या कुंपणावर पोपटाच्या शेंगा लटकल्या, न्हाणीच्या पाण्यावर सांबार आला, पुस्तकी भाषेतली कोथिंबीर, आणि लवकी इतकी लागली की बाबा डब्यात लवकी बघून हात जोडायला लागले.

कारधावाली मावशी आपल्या घरी पहिल्यांदा आली ती सांबार मागायला. मागच्या रांगेत राहायची. तिचा नवरा बाबांच्याच शॉपमध्ये. माहेर कारध्याचं म्हणून ती कारधावाली, तशी तू सिहोरावाली. तुम्हा दोघींना नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. तू तिला मूठभर सांबार दिलास. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, पदराखाली शेवंतीचे चार फुटवे झाकून. "रिकाम्या हातानं कशी येऊ वो," म्हणाली. तुला हे फार आवडलं. त्या दिवशी तुम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलात, आणि आमच्या पोळ्या करायला तू उठशील म्हणून मी वाट बघत राहिले, तू उठलीच नाहीस. बाबांनी शेवटी स्वतः चहा केला. पुढे दहा जणींचा, मग वीस जणींचा आणि सरतेशेवटी तीस-पस्तीस जणींचा जो क्लब झाला त्याचा पहिला नियम त्या शेवंतीतून निघाला. रोप विकायचं नाही, फुकटही न्यायचं नाही. ज्यानं नेलं त्यानं हंगाम संपायच्या आत काहीतरी लावण्याजोगं परत आणून द्यायचं: फांदी, कंद, बी, काहीही.

‘क्लब’ हे नाव बाबांनी चिडवायला दिलं होतं. "काय, क्लबात चालल्या का बाईसाहेब? पत्ते गित्ते खेळतेत का तिथं?" तू म्हणायचीस, "हो, खुरप्याचे पत्ते हायेत. या खेळाले." नाव चिकटलं. दर बुधवारी दुपारी तुम्ही सगळ्या एकीच्या घरी जायचात, आणि काम करायचात ते रोवण्यासारखं. धानाचा रोवणा जसा बाया एका ओळीत वाकून, मागे सरकत सरकत करतात, तसंच. एक बाई माती फोडते, दुसरी खत घालते, तिसरी रोप लावते, आणि ओळ मागे सरकते. आज हिची बांधी, पुढच्या बुधवारी तिची. पंजाबातल्या, केरळातल्या, बंगालातल्या बायका, ज्यांनी जन्मात रोवणा पाहिला नव्हता, त्या साड्या खोचून तुझ्या ओळीत उभ्या राहायच्या. एक बंगाली काकू होत्या, डेलिया लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, त्या मला म्हणायच्या, "तुम्हारी माँ हमको पीछे चलना सिखाया." ज्या घरची पाळी त्या घरच्या बाईनं फक्त चहा करायचा आणि आपल्या बागेत आपण हात घालायचा नाही, हाही तुझाच नियम. "आपल्या बागीत आपल्याले खोट दिसत नाई," म्हणायचीस.

दर जानेवारीत फुलांचा मेळा. शाळेच्या व्हरांड्यात बाकं लावून त्यावर शेवंत्या, डेलिया, झेंडू, आणि एका बाजूला भाज्या. मी त्याच्या सूचना लिहायचे, मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, आणि फॅक्टरीच्या बस थांबायच्या तिथं चिकटवून यायचे. खरं सांगू? सूचना लिहायला मला आवडायचं, कारण त्यात हात मळत नसत. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात जाऊ लागले होते. माझ्या मैत्रिणींच्या आया स्वेटर विणायच्या. माझी आई दुसऱ्यांच्या अंगणात ढुंगण वर करून खुरपायची. हे वाक्य मी एकदा तुझ्यासमोर बोलले होते. तू खुरपी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "तुले उपटाची घाई हाये अना लावाचा आळस हाये. असं माणूस कुठंच रुजत नाई." रागावून नाही बोललीस. म्हणून जास्त लागलं असेल.

आता त्या उन्हाळ्यावर येते. आणीबाणीच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा, मी एकोणीस वर्षांची. मुरमात खड्डे काढून काढून बायका थकल्या होत्या. तुझ्या डोक्यात आलं की सिहोऱ्याला मामाच्या शेतातली तळ्यासारखी बोडी वैशाखात आटते, तिचा गाळ लोक शेतात टाकतात, मग तो क्लबाच्या वाफ्यांत का नको? मामानं ट्रॉलीभर गाळ पाठवला. आपल्या रांगेमागच्या कडुनिंबाखाली त्याचा काळा ढीग पडला, माशाचा वास येणारा, आणि तू त्याच्याभोवती अशी फिरलीस की लग्नघरी रुखवताभोवती बायका फिरतात. तेव्हाच तू मला लव्हाळा दाखवलास. ढेकूळ फोडलंस आणि आतून वाटाण्याएवढी काळी गाठ काढलीस. वरचं पातं साधं गवतासारखं, पण जमिनीखाली या गाठी, एकीला दुसरी जोडलेली. पातं उपटलं की गाठ खाली राहते आणि एकीच्या दहा होतात. "बांधीत पाण्याखाली याचं काही चालत नाई," म्हणालीस. "पण कोरड्यात सुटला तं मंग हा मालक अना आपण पाहुणे."

म्हणून गाळ आधी पसरायचा, पंधरा दिवस उन्हात तापवायचा, उलटवायचा, मग ढेकळं फोडून रेतीच्या चाळणीतून चाळायचा आणि चाळणीवर राहिलेली गाठन् गाठ वेचून जाळायची. तू पसरलास, तापवलास, उलटवलास. चाळायची वेळ आली आणि मामाच्या मुलीचं लग्न निघालं. तुला आठ दिवस सिहोऱ्याला जावं लागलं. क्लबातल्या दोघीतिघी चाळायला यायला तयार होत्या, तू नको म्हणालीस. गाठ ओळखायला नजर लागते, आणि ती तू मला दिली आहेस असं तुला वाटत होतं. "माही पोरगी करते," म्हणालीस. जाताना फॅक्टरीच्या बसच्या पायरीवरून मला पुन्हा सांगितलंस, "घाई नको करजो."

मी दोन दिवस चाळला. खोटं नाही सांगत, दोन दिवस नीट चाळला. सकाळी आठला बसायचे, उन्हं चढेपर्यंत. हाताला फोड आले, ते फुटले. तिसऱ्या दिवशी ढिगाकडे पाहिलं तर तो होता तेवढाच दिसला. मला वाटतं, याला काही मोठं कारण असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. कुणी आजारी होतं, परीक्षा होती, असं काही. काही नव्हतं. ऊन होतं, हात सोलले होते आणि मला कंटाळा आला होता. पुढचे चार-पाच दिवस मी घरात पंख्याखाली लोळून काढले. आणि तू यायच्या आदल्या दिवशी मी काय केलं ते ऐक. उरलेली ढेकळं फावड्यानं ठोकून बारीक केली, ढीग नीट रचला आणि जो खरा चाळलेला भुसभुशीत गाळ होता तो घमेल्यानं वरून चारी बाजूंनी पसरून दिला. आळशी माणसाला एवढे कष्ट कसे सुचतात कोण जाणे. तू आलीस, पिशवी खाली ठेवायच्या आत ढिगाकडे गेलीस, वरचा मूठभर गाळ घेतलास, चोळलास, वास घेतलास. माझे हात उलटे करून फोड पाहिलेस. त्या फोडांना तू तेल लावलंस, आई. माझ्या जिवाची तेव्हा काय अवस्था झाली ते मला नीट आठवतं. लाज वाटली होती, आणि सुटले असंही वाटलं होतं.

त्याच आठवड्यात कारधावाली मावशीनं भावाच्या गोठ्यातलं शेणखत आणवलं. निम्मा गाळ, निम्मं शेणखत असं कालवून तुम्ही टोपल्या भरल्या आणि ओळीनं एकेका घरी नेऊन टाकल्या. तीसच्या वर घरं. मीही टोपल्या उचलल्या. मनात म्हणत होते, होतं काय एवढं, दोनचार गाठी राहिल्या असतील. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला तेव्हा खवखवलंही नाही. पाऊस लागला, शेवंतीचे फुटवे लावून झाले, मी कॉलेजच्या बसनं भंडाऱ्याला जायला लागले आणि विसरून गेले.

पोळ्याच्या आधी लव्हाळा वर आला. एकदम, सगळीकडे. सकाळी उठून बघावं तर वाफ्यात हिरव्या सुया. बायकांना आधी वाटलं गवत आहे, त्यांनी उपटलं, आणि आठ दिवसांत दुप्पट झालं. शेवंतीचे फुटवे त्यात दिसेनात. बंगाली काकूंनी तीन वर्षं जपलेले डेलियाचे कंद उकरले तर एका कंदातून लव्हाळ्याचं मूळ आरपार गेलेलं. त्या तो कंद घेऊन आपल्या दारात आल्या, नुसता दाखवला. तू कंद हातात घेतलास आणि घरात आलीस. मी पुस्तक घेऊन बसले होते. तू विचारलंस, "गाळ तू पुरा चाळला होता ना?"

मी "हो" म्हणाले.

तू फक्त एकदा विचारलंस. दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी कबूल केलं असतं, असं मी बरीच वर्षं मनाशी म्हणत आले. म्हणजे दोष तुझाच, तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. माणूस स्वतःला सोडवायला कुठून कुठून वाटा काढतो. तू "बरं" म्हणालीस आणि तुझा चेहरा मोकळा झाला. पोरीनं चाळलाय म्हणजे गाळ साफ. मग राहिलं काय? शेणखत.

त्या बुधवारी कडुनिंबाखाली बैठक बसली. सगळ्या आल्या होत्या. एकीनं विचारलं, हे आलं कुठून. तू उभी राहिलीस. तुझा आवाज मी अजून ऐकते. "गाळ आमचा साफ होता. माह्या पोरीनं चाळला, तिच्या हाताले फोड आले होते, सगळ्यायनं पायले. मंग खतातूनच आला असंल." कारधावाली मावशी समोरच बसली होती, मांडीवर रोपांचं ओलं पोतं. तिनं वर पाहिलं. "सिहोरावाली, तू पायलं का डोळ्यानं?" तू म्हणालीस, "माही पोरगी खोटी नाई बोलत." मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी तुमच्या मागे, झाडाला टेकून उभी. काय शोधत होती कोण जाणे. मला वाटलं आता ती बोलेल, आता सगळं बाहेर येईल. ती म्हणाली, "बरं बाई. असंल." पोत्याची घडी घातली आणि उठून गेली. त्यानंतर ती क्लबात कधी आली नाही.

तू कठोर नव्हतीस. हे मी तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहिते आहे, कारण त्या दिवसाचा विचार करताना मला तुझाच राग येतो आणि तो येऊ नये. तू महिनाभर थांबलीस. मग आपल्या गावठी गुलाबाचं एक कलम बांधलंस, ओल्या पोत्यात गुंडाळलंस आणि माझ्याच हाती तिच्याकडे पाठवलंस. तिच्या दारात मी उभी. "आईनं दिलं," म्हणाले. तिनं ते घेतलं. "ठेव तिथं." मी वाट बघत राहिले, कारण रिवाजाप्रमाणे तिनं काहीतरी द्यायला हवं होतं, निदान हंगामाच्या बोलीवर तोंडानं तरी काही म्हणायला हवं होतं. तिनं पोतं धुतलं, पिळलं, घडी करून माझ्या हातात दिलं. आत काही नव्हतं. ते रिकामं पोतं मी तुझ्या हातात दिलं तेव्हा तू ते उलगडून पाहिलंस, पुन्हा घडी केलीस आणि कोपऱ्यात ठेवलंस. हंगाम गेला, दुसरा गेला. तिच्याकडून काही आलं नाही. संक्रांतीला तू तिच्या दारावरून जायचीस, पण थांबायची नाहीस. नळावर ती दिसली की तू घागर घेऊन परत यायचीस.

क्लब मोडला नाही, हे मात्र तुझं. त्या वर्षी मेळा झाला नाही, पण बुधवार चुकला नाही. दोन वर्षं तुम्ही काही लावलंच नाही म्हटलं तरी चालेल; ओळीत बसून नुसता लव्हाळा खणलात, वीतभर खोल, गाठ गाठ हातानं वेचून. प्रत्येक घरी तू स्वतः गेलीस. "मी आणलेल्या गाळात नव्हता, पण क्लब माहा हाये," म्हणायचीस. तुझी कंबर तेव्हा गेली ती कायमची. मी कधीमधी यायचे, टोपली धरायचे. तू मला म्हणायचीस, "तू जा, अभ्यास कर. तुह्या वाटचं तू केलं." पुढे माझं लग्न झालं, नागपूरला आले. माझ्या पेटीत साड्यांखाली तू खुरपी ठेवली होतीस, नवीन, मुठीला तेल पाजलेली. सासरच्या लोकांनी ती पाहून गंमत केली, मीही हसले. तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खुरपीचं काय करायचं होतं. आज ती कुठं आहे मला माहीत नाही.

आणि मग भंडाऱ्याचा दवाखाना. बाबांच्या रिटायर व्हायच्या आदल्या हिवाळ्यातला. मी पंधरा दिवस तुझ्याजवळ होते. सकाळचं ऊन तुझ्या खाटेवर येतं आहे, तू चमचाभर पेज घेतेस, उरलेली नको म्हणतेस. क्लबातल्या बायका दोन-दोन करून येतात, बसच्या वेळेनं जातात. एका सकाळी मीच विचारते, "आई, कारधावाली मावशीला बोलावू का?" तू उशीवर मान वळवतेस. मग म्हणतेस, "बोलावून काय करू? मले तिचा राग नाई वो. एकदा म्हणाली असती, हो बाई, माह्याच खतातून आला, तं मी तवाच विसरली असती. बारा वर्षं वाट पायली मी. एवढं काहून मन घट्ट केलं तिनं?" तू माझ्याकडे पाहत होतीस. याहून चांगली वेळ देवानं कुणाला दिली नसेल. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मी तुझं पांघरूण सारखं केलं आणि म्हणाले, "तू बोलू नकोस जास्त. दम लागतो." तू डोळे मिटलेस. चौथ्या दिवशी गेलीस.

कारधावाली मावशी तुला पोचवायला आली होती. अंगणात सगळ्यात मागे, दाराच्या खांबाला धरून उभी होती. माझ्याकडे आली नाही, मी तिच्याकडे गेले नाही. पुढे तिच्या नवऱ्यानं कारध्याला घर बांधलं आणि ते तिकडे गेले, एवढं कानावर आलं.

गेल्या थंडीत भंडाऱ्याला एका लग्नाला गेले होते. दुपार मोकळी होती. कुणाला न सांगता रिक्षा केली, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि कारध्यात तिचं घर विचारत गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते. ती ओसरीवर बसली होती. ऐंशीच्या आसपास, दिसतं कमी, पण आवाजावरून ओळखलं. "सिहोरावालीची पोरगी का वो तू?" नातसुनेनं चहा दिला. मी तोंड उघडणार तर तीच बोलायला लागली, आणि आई, जे तिनं सांगितलं ते तुलाही माहीत नाही.

त्या बैठकीनंतर दुसऱ्याच दिवशी ती कारध्याला आली होती. भावाच्या गोठ्यामागचा खताचा अख्खा उकिरडा तिनं तीन दिवस बसून हातानं चाळला. भावानं, भावजयीनं वेडी म्हटलं. "अना मले दोन गाठी भेटल्या," ती म्हणाली. दोन गाठी. कुठल्याही उकिरड्यात तळाशी दोन गाठी असतातच, हे तू तिला हसत सांगितलं असतंस. पण तिनं तुला विचारलं नाही. तिला पटलं की तू खरी. "तुही माय खोटं बोलणारी बाई नोहे. तिच्या तोंडून निघालं म्हणजे ते तसंच असंल." रागावून नव्हती ती क्लब सोडून गेली, लाजून गेली होती. तुझं गुलाबाचं कलम तिनं लावलं होतं, जगलंही होतं. परत द्यायला चार वेळा फांदी तोडली आणि टाकून दिली. "ज्या हातानं तीस घरी लव्हाळा घातला, त्या हातानं कलम कसं देऊ?" तुझ्या समोर येऊन कबूल करायची हिंमत झाली नाही, आणि मग तू गेलीस.

ऐकता ऐकता मला क्षणभर बरं वाटलं. तेही तुला सांगायला हवं. वाटलं, सापडल्या ना तिच्याकडे दोन गाठी. मग कुणी सांगावं, तिच्याच खतातून आला असेल. एकोणीस वर्षांची मी साठीतही तशीच तिथं बसले होते, वरून चाळलेला गाळ पसरत.

मग तिनं चाचपडत माझा हात शोधला. "तुह्या मायची माफी मागाची राहिली माही. ती तं गेली. तू तिची पोरगी, तिच्या जागी तूच हायेस. तू दे वो, म्हणजे मी मोकळी."

आणि मी म्हणाले, "दिली, मावशी. आईनं तर केव्हाच दिली होती."

ती रडली. नातसून धावत आली, मी तिला म्हणाले काही नाही, जुन्या आठवणी आहेत. चहा संपवून मी उठले.

त्याला आता सात महिने झाले. हे पत्र खरं तर कारध्याला जायला हवं. तिथं टपाल जातं. तिला वाचता येत नाही, नातसून मोठ्यानं वाचून दाखवील, ते बरं दिसणार नाही, म्हणून पाठवत नाही, असं मी स्वतःला सांगते. नागपूरहून बसनं दोन तासांचा रस्ता आहे, मी जाऊनही सांगू शकते. तुला लिहिणं सोपं पडतं, आई, तू उलटून काही विचारणार नाहीस. तिच्याकडे गेले तर तुझ्या नावानं देऊन आलेली ती माफी आधी मला परत घ्यावी लागेल, मग तिच्याकडे माझी मागावी लागेल, आणि ती देईल की नाही याची मला भीती वाटते.